वजन उतरवताना मालिशचा नेमका उपयोग काय? (उद्वर्तन, 'इंच लॉस' पॅकेज वगैरे)

रोजमेळ (धागाकर्ती)

वय ४४, उंची १६२ सेंमी, वजन ८४ किलो, कमरेचा घेर ९८ सेंमी. काम बैठं. थायरॉईड, साखर, बीपी तपासून झालंय, सगळं ठीक. तीन आठवडे झाले, आठवड्यातून पाच दिवस सकाळी सलग ४५ मिनिटं चालणं सुरू आहे. रात्रीचं जेवण आठच्या आत, भात एका वाटीवर आणलाय, चहातली साखर बंद. सव्वा किलो उतरलं.

अडचण अशी की सोमवार-मंगळवार चाललं की बुधवारी पोटऱ्या इतक्या आंबतात की बुधवार किंवा गुरुवारचा हमखास खाडा होतो. शिवाय सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की उजव्या टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं. दहा-बारा पावलांनी कमी होतं.

जवळच्या एका सेंटरने पॅकेज सांगितलंय: १२ बैठका, प्रत्येक वेळी उद्वर्तन (अंगाला कोरडं चूर्ण चोळणं), मग वाफ, शेवटी पोटाला पट्टा. १८ हजार रुपये. 'पहिल्याच बैठकीत तीन सेंमी कमी, नाहीतर पैसे परत.'

प्रश्न: मालिशने चरबी खरंच वितळते का? नसेल वितळत, तर वजन उतरवताना तिचा काही उपयोग आहे का? घरी काय करता येईल, किती वेळ, किती जोर लावून? आणि आईलाही मालिश करून घ्यायची आहे. वय ६८, इन्सुलिन चालू आहे. चालेल का?

---

पोटरीपुराण

आधी हिशेब उरकून टाकू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. मालिशच्या टेबलावर तासभर पडून तुमच्या शरीराचा खर्च होतो ७०-८०, आणि तेवढा घरी सोफ्यावर पडूनही होतोच. तुमच्या वजनाला ४५ मिनिटं झपझप चालण्यात २००-२२५ जातात. मालिशने कोणाचं वजन उतरत असेल तर करणाऱ्याचं, करून घेणाऱ्याचं नाही.

बाहेरून रगडून चरबीची पेशी रिकामी होत नाही. शरीराला इंधन कमी पडलं तरच ते साठा काढतं, आणि कुठला काढायचा हे तेच ठरवतं. म्हणून फक्त पोटावरची चरबी काढणं चोळूनही जमत नाही आणि पट्ट्यानेही नाही. आतड्यांभोवतीची चरबी, जी जास्त त्रासदायक, ती तर हाताला लागतच नाही.

आता उपयोग. तो तुम्हीच लिहिलाय: 'बुधवारी किंवा गुरुवारी खाडा.' सवय नसलेल्या व्यायामानंतर अंग आंबतं ते २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं. ते लॅक्टिक ॲसिडमुळे नाही, ते तर व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात ओसरतं. स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, तिची दुरुस्ती चालू असते, त्याचं ते दुखणं. मालिशने दुरुस्ती फार लवकर होते असं नाही, पण दुखणं सौम्य होतं आणि दुसऱ्या दिवशी बूट घातले जातात. महिन्यात चार खाडे वाचले तर ८००-९०० कॅलरींचं चालणं पदरात पडलं. मालिशच्या नावावर जमा करायचं ते एवढंच.

पोटरीची पद्धत अशी. खुर्चीत बसून पाय समोरच्या पाटावर किंवा स्टुलावर ठेवा, गुडघा थोडा वाकलेला. पोटरी सैल सुटली पाहिजे, ताठ पोटरी चोळण्यात अर्थ नाही. एका पायाला एक छोटा चमचा तेल पुरतं. खोबरेल, तीळ, जे घरात असेल ते. दोन्ही तळव्यांनी घोट्यापासून गुडघ्याकडे लांब हात फिरवा, आठ-दहा वेळा, हलका जोर. मग कणीक मळतो तसं पोटरीचं मांस दोन्ही हातांत धरून पिळत, दाबत वर जा, दोन मिनिटं. कुठे सुपारीएवढा गोळा लागला तर त्यावर अंगठा ठेवून २०-३० सेकंद नुसता दाब. चोळायचं नाही. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, श्वास रोखून धरावा लागतोय म्हणजे जोर जास्त झाला. शेवटी पुन्हा लांब हात. एका पायाला पाच-सहा मिनिटं, चाललेल्या दिवशी संध्याकाळी. बोटं दुखत असतील तर पायजम्यावरून लाटणं फिरवा, मात्र नडगीच्या हाडावर नाही.

गुडघ्यामागची खळगी सोडायची. तिथे रक्तवाहिन्या आणि नस वरवर असतात, अंगठा खुपसायची ती जागा नाही. दुसऱ्या दिवशी निळं-जांभळं उमटलं तर मालिश 'लागली' असं समजू नका, ती चुकली.

टाचेबद्दल: वर्णनावरून तळपायाच्या पडद्याला (टाचेपासून बोटांपर्यंतच्या जाड पट्टीला) सूज वाटते, वजन जास्त असताना एकदम चालायला लागलेल्यांना ही हमखास होते. इथे लोक चूक करतात ती म्हणजे दुखऱ्या टाचेलाच अंगठ्याने रगडतात, आणि ती आणखी भडकते. पलंगावरून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढून धरा, तळपायाची मधली कमान ताणली जाईल. त्या ताणलेल्या कमानीवर अंगठा दहा वेळा फिरवा, टाच सोडून. मग पाय खाली. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पातळ कापड गुंडाळून तळपायाखाली पाच मिनिटं फिरवा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, ३० सेकंद, तीन-तीन वेळा. दोन्ही करायचे, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि आतला थर गुडघा वाकवल्याशिवाय ताणला जात नाही. घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल घाला. सहा आठवड्यांत फरक नसेल तर दाखवून घ्या.

आणि मूळ चूक मालिशने झाकू नका. ८४ किलोला पहिल्याच आठवड्यात सलग ४५ मिनिटं जास्त आहेत. सकाळी २०, संध्याकाळी २० करा, दर आठवड्याला एका वेळेला पाच मिनिटं वाढवा. दर पावलाला गुडघ्यावर येणारा भार एक किलो उतरल्यावर सुमारे चार किलोंनी कमी होतो, त्यामुळे दोन महिन्यांनी हेच अंतर सोपं जाईल.

एक महत्त्वाचं. एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा प्लास्टरनंतर, तर हात लावायचा नाही. आतल्या शिरेत गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ इमर्जन्सी.

---

वस्त्रगाळ

वर शरीरशास्त्र आलंच आहे, मी उद्वर्तनापुरतं लिहितो, कारण त्याच्या नावावर बरंच खपवलं जातं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थान या पहिल्या भागात, दिनचर्येच्या अध्यायात, उद्वर्तनाचं वर्णन कफ कमी करणारं आणि मेद पातळ करणारं असं आहे. पॅकेजवाले हे सांगतात. पण त्याच्या जरासंच आधी व्यायाम येतो, मेदाचा क्षय हे फळ तिथे दिलंय, आणि व्यायाम झाल्यावर अंग सोसेल तसं सगळीकडून मर्दन करा असंही म्हटलंय. मग उद्वर्तन, मग स्नान. म्हणजे वाग्भटानेही चोळणं व्यायामाच्या मागे लावलंय, त्याच्या जागी नाही. त्याच अध्यायात कफाने ग्रासलेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग, म्हणजे तेलाची मालिश, टाळावा असंही आहे. 'वजन कमी करायला रोज भरपूर तेल जिरवा' हा सल्ला त्यामुळे ग्रंथातलाही नव्हे.

घरी करायचं तर कुळथाचं पीठ सगळ्यात स्वस्त. पिठल्याला लागतं तेच, पण जास्त बारीक. हातापायांना, पोटाला मिळून एक वाटी, साधारण १०० ग्रॅम. मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडंच परता, ओल गेली नाही तर घामात गोळ्या होतात. गार झालं की मलमलीच्या फडक्यातून गाळा. ही पायरी लोक गाळतात आणि मग कातडी खरवडली जाते. हवं तर चौथा हिस्सा त्रिफळा चूर्ण मिसळा.

दिशा खालून वर, लव असते त्याच्या उलट. घोट्यापासून गुडघा, गुडघ्यापासून मांडी, मनगटापासून खांदा. सगळं मिळून १५ मिनिटं. त्वचा गुलाबी झाली की थांबा, लाल होईपर्यंत नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. कोरड्या कातडीला आधी एक-दोन चमचे तेल, वरून पीठ. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आधी तेल, मग उटणं लावतो, तोच क्रम.

बिघडतं ते इथे: वॅक्सिंग किंवा दाढी केलेल्या जागी दोन दिवस चोळू नये, केसांच्या मुळांना पुळ्या येतात. मानेवर, छातीवर, मांडीच्या आतल्या बाजूला हात हलका. इसब, खरूज, गजकर्ण असेल तर नकोच, पसरवायचं काम होतं. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नको. आणि जुन्या चादरीवर उभं राहून करा, पीठ आधी कोरडंच झटकून गोळा करा. तसंच पाणी ओतलंत तर मोरीच्या जाळीखाली पिठलं तयार होतं, प्लंबरला त्याचं कौतुक नसतं.

मिळतं काय? त्वचा मऊ होते, अंग हलकं वाटतं, झोप बरी लागते. वजनकाट्यावर शून्य.

---

टेपपट्टी

'पहिल्याच बैठकीत तीन सेंमी' हे खोटं असेलच असं नाही, गंमत तीच आहे. तीन सेंमी कमी दाखवायला चरबी हलवावी लागत नाही.

आधीचं माप बेंबीवर, पोट सैल सोडलेलं असताना घेतात. नंतरचं माप दोन बोटं वर, कमर सगळ्यात बारीक असते तिथे. वाफेनंतर माणूस ताठ उभा राहतो, श्वास जरा आत असतो. तासभर घट्ट पट्टा बांधला की त्वचेखालचं पाणी बाजूला सरकतं आणि पट्ट्याचे वळ उमटतात, जसे मोज्याचे पायावर उमटतात. टेप जरा आवळून धरली की काम झालं. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर. वाफेत पाव-अर्धा किलो घाम जातो तो दोन ग्लास पाण्यात परत येतो, आणि यायलाच हवा.

नीट माप असं घ्या. सकाळी, शौचानंतर, काही खायच्या आधी. काखेखाली सरळ रेषेत शेवटच्या बरगडीची खालची कड चाचपा, मग खुब्याच्या हाडाची वरची कड. दोहोंच्या बरोबर मध्ये पेनाने खूण, दोन्ही बाजूंना. टेप त्या खुणांवरून, जमिनीला समांतर, त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही. साधा श्वास सोडल्यावर शेवटी आकडा वाचा. तीनदा घ्या, मधला लिहा. आठवड्यातून एकदा, तोच वार. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंमी ही धोक्याची रेष धरतात, तुमचे ९८ आहेत, म्हणजे मोजण्यासारखं अंतर आहे.

तुमचा सव्वा किलो तीन आठवड्यांतला वेग चांगला आहे. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे रोजची साधारण ५५० कॅलरींची तूट. १२ बैठकांच्या जागी आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम शिकवणारा माणूस लावलात तर १८ हजारांत बरेच महिने निघतील, आणि वजन उतरताना स्नायू टिकतील.

---

रोजमेळ

सर्वांचे आभार, चालण्याचे दोन भाग उद्यापासूनच करते. टेपपट्टी, सेंटरमध्ये बेंबीवरच मोजलं होतं! आईबद्दल कोणी सांगाल का? तिला इन्सुलिन पोटात आणि मांडीत घ्यावं लागतं. पायांना मुंग्या येतात म्हणते. आणि जेवण बदलल्यापासून मला बद्धकोष्ठ झालंय, त्याला पोटाची मालिश चालेल का?

---

साखरपेरणी

आईंना मालिश चालेल, पण इन्सुलिनची जागा सोडून. सुई टोचलेल्या ठिकाणी चोळलं की तिथला रक्तपुरवठा वाढतो, औषध ठरल्यापेक्षा लवकर रक्तात जातं आणि साखर अचानक खाली येऊ शकते. वाफ आणि गरम पाण्याची आंघोळ यांचंही तेच. त्यामुळे आज मांडीत टोचलंय तर आज मांडीला हात नाही. मालिशच्या आधी साखर मोजा, जेवणाची वेळ पुढे ढकलू नका, आणि जवळ साखर किंवा गूळ ठेवा. मालिश चालू असताना घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर 'आराम पडतोय' समजू नका.

पोटावर किंवा मांडीवर नेहमीच्या टोचण्याच्या जागी मऊ गाठी झाल्या असतील तर त्या चोळून जिरवायला जाऊ नका. त्या जागी इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, जागा बदलत राहणं हाच उपाय. डॉक्टरांना दाखवाच.

पायाला मुंग्या म्हणजे संवेदना कमी झाली असू शकते. जोर किती लागतोय, तेल किती गरम आहे हे त्यांना कळणार नाही. तेल आधी आपल्या मनगटावर बघा, शेक-शेगडी, गरम पाण्याची पिशवी पायाला नको. हलक्या हाताने तेल लावताना तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा रोज डोळ्यांनी तपासा. बेचक्यांत तेल ठेवू नका, पुसून कोरडं करा, नाहीतर चिखल्या होतात. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर दाबून मालिश अजिबात नको.

---

पोटरीपुराण

पोटाची मालिश बद्धकोष्ठाला चालते, मोठ्या आतड्याच्या दिशेने केली तर. उताणं झोपून गुडघे वाकवा. उजव्या खुब्याच्या हाडाजवळून सुरुवात, वर उजव्या बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली. उलट दिशेने नाही. तळव्याने, पोळीला तूप लावताना देतो तेवढाच जोर, दहा मिनिटं. जेवणानंतर दोन तास नाही. हर्निया, गरोदरपण, पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर नाही. 'बेंबीची वाटी सरकली' म्हणून बेंबीत अंगठा घालून रगडणारे असतात, त्यांच्यापासून लांब राहा. आणि भात कमी केलात तेव्हा त्या जागी काय आलं? भाजी-कोशिंबीर दुप्पट आणि पाणी वाढलं नसेल तर नुसत्या मालिशने काही हलायचं नाही.

---

खडीसाखर

काशाची वाटी कोणीच कशी काढली नाही? तळपायाला तूप लावून वाटी घासली की पाय काळेकुट्ट होतात, शरीरातली उष्णता बाहेर पडते, वजनालाही फायदा होतो म्हणतात.

---

वस्त्रगाळ

वाटी छान आहे, झोपण्यापूर्वी दहा मिनिटं घासा, गुंगी येते. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, त्या वाटेने वजनाला थोडी मदत होते असं म्हणता येईल. पण काळं पडणं म्हणजे उष्णता नाही. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. तूप आणि घामाशी तांब्याचा संयोग होऊन तो काळा थर येतो. पाय धुऊन लगेच पुन्हा घासलं तरी पुन्हा काळंच येतं. आणि नंतर पाय पुसल्याशिवाय फरशीवर उतरू नका, तुपाच्या तळव्याने घसरून खुबा मोडायला वेळ लागत नाही.

---

रोजमेळ

पॅकेजला 'नको' असं कळवलं. एकच शंका, लाटणं पोळ्यांचं चालेल ना?

---

पोटरीपुराण

वेगळं घ्या, तेलाचा वास लाकडात मुरतो आणि मग पोळीला लागतो. सरळ दांड्याचं बघा. मध्ये फुगीर असलेलं एकाच जागी रुततं.